मार खाल्लेली खुर्ची

आमच्या भागात पोरासाठी काहीही घ्यायचं म्हटलं की दुकानदारापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र असतो, "वाढत्या अंगाचं घ्या." चप्पल वाढत्या पायाची, शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा, स्वेटर तर असा की पोरगं त्यात हरवून जावं. मी लातुरात ब्लाउज शिवते, स्वतःचं छोटं दुकान आहे. त्यामुळं हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज माझं डोकं फिरतं. अंगाला बसतच नाही ते कापड असलं काय नि नसलं काय! पण सांगते कुणाला, ऐकतंय कोण.

माझ्या धाकट्या बहिणीनं मात्र कुणाचं ऐकलं नव्हतं. तिला नांदेडला दिलेली. बाळ झालं तेव्हा तिनं गाडीत बसवायची लहान मुलांची खुर्ची आणली, पट्टे असलेली, बरोब्बर त्याच्या मापाची. पहिल्यांदा ती खुर्ची घेऊन कंधारला माहेरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका गाडीभोवती जमल्या. आई तर चिडलीच. "काय गं, मांड्या काय भाड्यानं दिल्या का तुझ्या? लेकराला चोरावानी बांधून आणलीस!"

बहीण हसली. म्हणाली, "आई, तू मला मांडीवर घेऊन बसायचीस ना, ती बैलगाडी होती."

पोरगं दोन वर्षांचं व्हायला आलं होतं. उसाचे दिवस. तिघं नवरा-बायको-लेकरू नांदेडहून माझ्याकडं लातूरला निघाले होते. अहमदपूरच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना चिंधी, आणि दिवस नुकताच मावळलेला. गाडी मागून ट्रॉलीखाली घुसली. पुढं पाव्हणे, म्हणजे तिचा नवरा, पट्टा लावून होते, ते हात-पाय मोडून वाचले. मागं खुर्चीत पोरगं पट्ट्यात होतं, त्याच्या हनुवटीला तेवढं खरचटलं. आणि त्याच्या बाजूला माझी बहीण मोकळी बसलेली होती. ती गेली.

पोराला बांधून स्वतः मोकळी का बसली, हे मला किती दिवस कळत नव्हतं. एवढी शहाणी पोरगी! मग एकदा पोलीस ठाण्याच्या आवारात ती गाडी बघायला गेले. गाडी नवी घेतल्यावर पाव्हण्यांनी हौसेनं जाडजूड रेग्झिनची सीट कव्हरं घातली होती, सगळेच घालतात तशी. त्या कव्हराखाली मागच्या पट्ट्यांची बक्कलं गाडली गेलेली. पोराच्या खुर्चीसाठी तिनं एका बाजूचं कव्हर कापून बक्कल बाहेर काढलं होतं. वेडावाकडा काप होता, शिवणाची कैची नसणार तिच्याजवळ. तिच्या बाजूचं कव्हर मात्र जसंच्या तसं होतं, गुळगुळीत. मी वरून हात फिरवला तर आत बक्कलाचा उंचवटा लागला. तिथंच त्या आवारात मी बोंब मारून रडले, हवालदारानं पाणी आणून दिलं.

पाव्हण्यांनी पुढं दुसरं लग्न केलं आणि पुण्याला गेले. त्यांना मी काही बोलत नाही, मनातल्या मनात काय बोलायचं ते बोलते. पोरगं कंधारला आईकडं राहिलं. पोरासोबत ती खुर्चीही आली.

इथून पुढं आमच्या लोकांचं डोकं कसं चालतं ते ऐका. भेटायला येणाऱ्या बायका ढसाढसा रडायच्या, मग डोळे पुसून विचारायच्या, "ती खुर्ची हीच का?" आई पदर सावरून सांगायची, "हीच. हिनंच वाचवलं लेकराला. पोराला ठेवलं अन् आईला नेलं." बायका खुर्चीला हात लावून हात कपाळाला न्यायच्या. कुणीतरी तिला हळद-कुंकू वाहिलं. कुणी काळा दोरा बांधला. मग एक जण म्हणाली, "काकू, नातवाचं जावळ काढायला माहूरला निघालोत, नेऊ का खुर्ची?" आईनं दिली. तिचा नातू सुखरूप परत आला. झालं! लग्नाला निघाले, न्या खुर्ची. दवाखान्यात निघाले, न्या खुर्ची. शेजारची बांगड्यावाली खाला तिच्या नातीला घेऊन हैदराबादला गेली तेव्हा तीही घेऊन गेली, परत करताना म्हणाली, "अम्मा, बहोत बरकत है इसमें." जीपमध्ये नुसती ठेवायचे, बांधायचं कुणाला माहीत नाही. लेकरू वर आणि पट्टे खाली लोंबत. गावभर फिरली ती खुर्ची.

त्या वेळी मी एवढं मनावर घेतलं नाही. आईला तेवढाच आधार, म्हटलं असू दे.

यंदा पोरगं पहिलीत जाणार होतं. आईचे गुडघे संपलेले. ठरलं की त्यानं माझ्याकडं लातूरला राहायचं, आणि सवय होईस्तोवर महिनाभर आईनंही यायचं. मला पोरबाळ नाही, त्याचं रडगाणं इथं गात बसत नाही, पण पोरगं येणार म्हणून मी दुकानाच्या मागची खोली रंगवून घेतली एवढं सांगते. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांना स्टेअरिंगची भीती. त्यामुळं घरची गाडी मीच चालवते. निघाले आणायला.

कंधारला पोचले तर पोरगं दारातच. "मावशी, माझी खुर्ची न्यायची हाय." खुर्ची देवघराच्या बाजूला पाटावर ठेवलेली. मी त्याला म्हटलं, बस बघू त्यात. बसलं. अरे देवा! डोकं खुर्चीच्या पाठीच्या वर निघालेलं, कान उघड्यावर. पट्टे खांद्याच्या खालून निघत होते, म्हणजे झटका बसला की खांद्याला खालीच ओढणार. मी टेप काढला आणि माप घेतलं, सवयच आहे. ती खुर्ची त्याला कधीचीच आखूड झाली होती.

मग कापड काढून बघितलं. आई "नको, नको" म्हणत धावली, तोवर कव्हर माझ्या हातात आलं होतं. आतल्या प्लास्टिकला पाठीमागं वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ. बोटानं दाबली तर फट उघडली. खुर्चीच्या बुडाशी छापलेलं होतं, अपघात झालेली खुर्ची पुन्हा वापरू नका म्हणून. कुंकवाखाली झाकलं गेलं होतं. आणि कव्हराच्या कडेला, बहिणीच्या बाजूला, तपकिरी डाग होता. आईनं कव्हर कधी धुतलंच नव्हतं.

"आई, ही मोडलीय. हिनं एकदा मार खाल्लाय, हिचं काम संपलं. आता परत झटका बसला तर हिचे दोन तुकडे होतील, लेकरू आत असताना."

"मोडली तर मोडली. हिनं वाचवलंय त्याला."

"वाचवलं म्हणूनच मोडली की गं!"

"तू शिकवू नको मला." आईनं माझ्या हातातलं कव्हर हिसकून घेतलं आणि छातीशी धरलं. "एक पोर माझं त्या रस्त्यानं गेलं. हे लेकरू ह्या खुर्चीबिगर त्या रस्त्यावर जाणार न्हाई. न्यायचं तर खुर्चीसकट ने, न्हाई तर राहू दे हितंच. शाळा हितं बी हाय."

माझाही आवाज चढला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या, एक जण मलाच म्हणाली, "अक्का, म्हातारीचा जीव हाय त्यात, कामून मोडता?" मी म्हटलं, "आणि पोराचा जीव कशात हाय?" तरी ती दारातून हलली नाही.

शेवटी पोराला घेऊन दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेडला गेले. गाडीनं नाही, कारण त्या खुर्चीत मी बसवणार नव्हते आणि तिच्याशिवाय तो बसणार नव्हता. एसटीत तीन माणसांच्या सीटवर आम्ही चौघं. माझ्या मांडीवर बसून शेजारच्या आजोबांकडून शेंगा घेऊन खात होता, अगदी मजेत. गाडीत बसायचं म्हटलं की मात्र नेहमीचा तमाशा. खुर्ची हवी, आणि खुर्चीच्या बाजूला कुणी बसायचं नाही. कुणी बसायला गेलं की किंचाळायचा, लाथा मारायचा. आई सगळ्यांना सांगायची, "आईची जागा हाय ना ती. राखून ठेवतंय लेकरू." ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं.

नांदेडच्या दुकानदारानं आल्या आल्या तोच मंत्र म्हटला, "ताई, वाढतं अंग हाय, एकदाच मोठी घ्या. बारा वर्षांपर्यंत बघायला नको." आणि समोर ठेवला नुसता पाट, पाठ नसलेला. त्यावर पोराला बसवायचं आणि गाडीचाच मोठ्या माणसाचा पट्टा लावायचा. दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती. मी म्हटलं, आधी गाडीत ठेवून दाखवा, कपडा अंगाला लावल्याशिवाय मी घेत नसते. शेंगांच्या पुडीवर भुलवून बसवलं पोराला. वरचा पट्टा थेट गळ्यावर आला आणि खालचा पोटावर. मी दुकानदाराला म्हटलं, पोटावर नाही, पट्टा खांद्याच्या मधून जायला पाहिजे आणि खाली मांड्यांवर, कमरेच्या हाडावर. पोट म्हणजे मऊ भाग, तिथं आवळलं की आत काय होईल सांगायला नको. वर हे पोरगं डुलक्या घेतं, झोपलं की एका कुशीला कलंडून पट्ट्यातूनच बाहेर.

"हे अजून दोन-तीन वर्षांनी बघू," मी म्हटलं. "आज जेवढं अंग हाय तेवढ्याचं दाखवा."

दुकानदार बिचारा चांगला होता, गुमान दुसरी काढली. उंच पाठीची, दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून स्वतःचे पट्टे असलेली. पट्टे वर सरकवायची सोय होती, ते खांद्याच्या किंचित वरून निघाले. डोकं पूर्ण आत बसलं. पट्ट्याखाली मी चिमटीत कापड धरून बघितलं, चिमटीत येत नव्हतं, म्हणजे आवळ बरोबर. खुर्ची धरून हलवली, जागची हलली नाही. ही त्याच्या मापाची होती. दुकानदार दुसऱ्या बाजूनं आत शिरून पट्टा कसा आवळायचा ते दाखवायला पोराच्या शेजारी बसला मात्र, पोरानं हंबरडा फोडला. "उतर! तू उतर! आधी उतर!" त्याच्या दंडाला चावला सुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराला सांगितलं, आईविना पोर आहे, तिची जागा कुणाला देत नाही. तो हात जोडून खाली उतरला.

कंधारला आल्यावर आई नव्या खुर्चीकडं बघेना. पण पोरगं रात्री नव्या खुर्चीतच बसून जेवलं, ते बघून तिनं आपली पिशवी भरायला घेतली. सकाळी मी नवी खुर्ची गाडीत घट्ट बांधली. आई पिशवी घेऊन बाहेर आली. जुनी खुर्ची डिकीत ठेव म्हणाली, निदान सोबत असू दे. मी नाही म्हटलं. ती डोळे पुसत मागचं दार उघडून पोराच्या शेजारी बसायला लागली.

आणि पोराचं सुरू झालं. "आज्जे, तू पुढं बस! हितं न्हाई! हितं न्हाई बसायचं!"

माझं टाळकं सटकलं. एक तर रात्रभर झोप नाही. "काय लावलंय रे? आजीचे गुडघे दुखतात, पुढं पाय मावत न्हाईत तिचे. तुझ्या आईची जागा म्हणून आजीनं काय टपावर बसायचं का?"

तो रडायचा थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. मला काही कळतच नाही, असं त्याचं बघणं होतं. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही खुर्ची पण बाजूच्याला नेती का?"

"म्हणजे?"

"ती खुर्ची मला ठेवती आणि बाजूच्याला नेती. आज्जीच म्हणती. पोराला ठेवलं अन् आईला नेलं." नाक पुसत त्यानं नव्या खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ही पण तसलीच हाय का? मग आज्जीला पुढं बसव ना."

आई दाराला धरून उभी राहिली. ते वाक्य तिचंच होतं. आल्या-गेल्या प्रत्येकीला ती तेच सांगायची, डोळ्यांना पदर लावून, आणि तिथंच सतरंजीवर पोरगं गाडी गाडी खेळत बसलेलं असायचं. एवढंस्सं पोर. एवढी वर्षं ते आईची जागा राखत नव्हतंच. जे कुणी बाजूला बसेल त्याला ते वाचवत होतं. लाथा मारून, चावून, जसं जमेल तसं. आणि तरी दरवेळी त्याच खुर्चीत बसत होतं, कारण आजीनं सांगितलं होतं की ह्यात बसलास की तू राहतोस.

मी तिथंच गाडीच्या उंबऱ्यावर बसले.

"खुर्चीनं न्हाई नेलं रं राजा," मी म्हटलं. "कुठली खुर्ची कुणाला नेत न्हाई. तुझ्या आईनं तुला पट्टा लावला. तिला तिचा पट्टा लावता आला न्हाई, तो खाली गाडलेला होता. एवढंच झालं."

"कुठं गाडलेला?"

काय सांगावं? सांगण्यापेक्षा दाखवावं म्हटलं. कव्हरं माझ्याही गाडीला होतीच, घेतानाच होती तशी. पोराच्या खुर्चीसाठी सकाळीच एका बाजूचं बक्कल मी बाहेर काढलं होतं, आणि दुसऱ्या बाजूचं... दुसऱ्या बाजूला माझंही लक्ष गेलं नव्हतं. पिशवीतली शिवणाची कैची काढली. हातानं चाचपत उंचवटा सापडला, त्यावर सरळ चीर दिली आणि बक्कल वर ओढलं. धुळीनं माखलेलं, आत बिस्किटाचा चुरा. पदरानं पुसलं. दाबून बघितलं, खट् वाजलं. पोरगं मान लांब करून बघत होतं.

"हा आज्जीचा," मी म्हटलं.

आईनं माझ्या हातातून कैची घेतली आणि घरात गेली. मी मागं गेले नाही. आत कैची चालल्याचा आवाज येत राहिला, जाड पट्टा कापताना येतो तसा, थांबून थांबून. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात खुर्चीचे कापलेले पट्टे होते. ते तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि समोर उभ्या बायकांना म्हणाली, "आता मागायला येऊ नका कुणी. मोडली ती." ते डागाचं कव्हर तेवढं तिनं घडी करून पिशवीत तळाला घातलं.

मग ती पोराच्या शेजारी बसली. जन्मात कधी पट्टा लावला नव्हता, तिला तो लागेना. पोरानंच वाकून ओढून दिला. "आज्जे, पोटावर न्हाई, खाली घे," म्हणाला. काल दुकानात मी बोललेलं त्यानं ऐकलं होतं.

लोहा सुटलं आणि त्यानं पहिल्यांदा विचारलं, "आज्जे, हायस का?"

"हाय की."

थोडं पुढं गेलं की परत. "हायस का?" "हाय रं." माळाकोळी गेलं. "हायस का?" "हाय." आरशात मला दिसत होतं, तो खिडकीबाहेर बघतच नव्हता, मान वळवून आजीकडंच बघत होता. अहमदपूरच्या अलीकडचं ते वळण आलं. मी गाडी हळू केली नाही, स्टेअरिंग आवळून धरलं. पुढं एक ट्रॅक्टर चाललेला, रिकामा. आईनं ती जागा ओळखली, तोंडात पदर कोंबला.

"आज्जे, हायस का?"

ती बोलेना.

"आज्जे! आज्जे, हायस का?" त्याचा आवाज फाटला, तो पट्ट्यात धडपडायला लागला.

"आई, बोल की गं! पोरगं विचारून राहिलंय ना!" मी पुढून ओरडले.

आईनं पदर काढला. आरशात बघितलं तर तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा पट्टा धरला होता, आणि तो त्याला दाखवत होती.

"हाय रं राजा. हाय मी. बांधलेली हाय."

त्यानं पट्ट्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि पाठ टेकून बसला. अहमदपूर गेल्यावर त्यानं परत विचारलं. लातूर येईपर्यंत तो विचारत राहिला आणि ती दर वेळी सांगत राहिली.